रविवारी मोडलेला उपास

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "देलिमा, आता पुन्हा दिवस गेले तर तू वाचणार नाहीस." त्याच दिवशी मी नवऱ्याचं, ओव्हिदचं, अंथरूण वरच्या खोलीत टाकलं. तो उशी उचलून वर गेला. त्याच्या मनात काय आहे, याचीच मला जास्त भीती वाटत होती.

शनिवारी आम्ही दोघं चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेलो. जाळीमागून फादरांनी विचारलं, "यंदा पाळणा का हलला नाही?" मी खरं ते सांगितलं.

"नवऱ्याला नाही म्हणणारीला क्षमा नाही. मरण देवाच्या हातात असतं, मुली."

यांना कधी कळा आल्या होत्या म्हणून सांगतायत! पण नरकाची भीती मलाही होतीच. माझ्यामागून ओव्हिद आत गेला आणि कानापर्यंत लाल होऊन बाहेर आला. बर्फातून घरी येईपर्यंत घोडागाडीत त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. फादरांनी त्याला नवऱ्याचा हक्क बजावायला सांगितलं असणार, ते मला न सांगता कळलं. त्या रात्री मी मुलींच्या खोलीत, दाराला खुर्ची लावून झोपले.

क्षमा नाही म्हणजे रविवारी ख्रिस्तप्रसादही नाही. सगळं गाव उठून तो प्रसाद घ्यायला वेदीपाशी जाणार आणि मी एकटी बाकावर. आमच्या क्वेबेकच्या खेड्यात लग्न झालेली बाई अशी बसून राहिली की कशासाठी, ते शेंबडं पोरही ओळखतं. सुटका एकच होती. प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून कडक उपास लागतो. तो मोडला की प्रसाद चालत नाही, आणि मग बसून राहण्याचं दुसरं कारण कुणी शोधत नाही. म्हणून मी काकवी लावलेला पाव रुमालात बांधून नेला आणि चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत खायला लागले.

"अगं बाई, देलिमा!" शेजारची आल्फोन्सिन ओरडली. "उपास मोडलास? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"भूक आवरली नाही गं." मी आणखी एक घास घेतला.

"की डोहाळे लागलेत पुन्हा?" बायका फिदीफिदी हसल्या.

तेवढ्यात घोडा बांधून ओव्हिद आला. त्यानं पावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं. आता हा चारचौघांत माझी अब्रू काढणार.

"डोहाळे नाहीत," तो मोठ्यानं म्हणाला. "आणि आता लागणारही नाहीत." माझ्या हातातला उरलेला तुकडा घेऊन त्यानं तोंडात टाकला. दारात फादर उभे होते, त्यांच्याकडे बघत तो सावकाश चावत राहिला.

प्रसादाच्या वेळी अख्खं गाव उठलं. आम्ही दोघं बसून राहिलो. ओव्हिदनं काकवीनं चिकट झालेला हात आमच्या मध्ये बाकावर उताणा ठेवला. माझा हात त्यानं धरला नाही, आपला नुसता ठेवून दिला.

मग मीच धरला.