आसरांचे रोडगे

रुक्माने गाठोडं बांधून दारात ठेवलं. "रविवारपर्यंत पाणी नाई लागलं, तं मी चालली माहेरी भंडाऱ्याले. त्या सुपेला गावावरून हंडे आणून आणून मान आखूड झाली माही."

बाबारावाने बायकोच्या मानेकडे पाहिलं. होती तेवढीच होती. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

भिलाईत कारखाना उभा राहत होता, मजुरांची वस्ती उभी राहत होती. बाबारावाच्या हाताखालची विहीर मात्र बसून होती. दोन पुरुष खोलीवर काळा खडक लागला. सुरुंग लावावा, तर शेजारी नवे क्वार्टर. म्हणून दाबाच्या हवेवर चालणारं ड्रिल आलं. नळीतून सुटणारी हवा इतकी गार, की दुपारी माणसं तिच्यापुढं डोकी धरत. खडकाला तिचं काहीच वाटत नव्हतं.

बाबारावाच्या मते चूक उघड होती. पाण्यातल्या देवींना, साती आसरांना, कोणी रोडगेच दिले नव्हते! रविवारी साहेबलोक फिरकत नाहीत, म्हणून त्याने आणि ड्रिल चालवणाऱ्या नत्थूने विहिरीत उतरून थेट खडकावर गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यांत कणकेचे रोडगे पुरले आणि वर येऊन सावलीत बसले.

दुपारी इंजिनीअर देवराव सायकलवरून उतरले. "बाबाराव, विहिरीतून धूर?"

"मच्छर मारून राहिलो, साहेब." मग हळूच, "नत्थ्या, इझव ना बे!"

विझवायला पाणी हवं. ते असतं तर विहीर कशाला खणली असती? नत्थूने ड्रिलचा हवेचा कॉम्प्रेसर सुरू करून नळी खाली सोडली. राख उडाली, निखारे उधळले, साहेबांचा पांढरा सदरा करडा झाला. तापलेल्या खडकावर गार झोत बसत राहिला. आणि तडाड् असा आवाज झाला.

"बायको तं गेलीच," बाबाराव पुटपुटला, "आता विहीर बी फुटली."

भेगेतून पाणी उसळलं. एक रोडगा गोल फिरू लागला.

देवराव वाकून बघत म्हणाले, "खडक तापला होता. वरचं कातडं एकदम गार पडून आकसलं, आतलं फुगलेलंच राहिलं. तडकणारच. साधं शास्त्र आहे."

"हो साहेब."

"रोडगे किती होते?"

"सात."

"पुढच्या विहिरीला आठ करा. एक मला."

पाणी लागल्याचं सांगायला बाबाराव धावतच घरी गेला. रुक्माने लगेच गाठोडं सोडलं. त्यात एकच वस्तू होती, विहिरीचा नवा कोरा दोर.

"हा भंडाऱ्याले कायले नेत होती वो?"

"कावून? तिथं विहीर नाई का?" म्हणत ती दोर खांद्यावर टाकून नव्या विहिरीकडे निघालीसुद्धा.