डाव्या पायाच्या बुटांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची पेटी आहे. तीस वर्षं माझ्या पोटात बूट राहिले, पण सगळे डाव्या पायाचे. नमुना दाखवायला एकच बूट पुरतो, आणि एकट्या बुटाला चोरही हात लावत नाही!

अमेरिकेतल्या डेटनच्या एका बूट कारखान्याने मला अल्विन हॅस्केट या फिरत्या विक्रेत्याच्या हाती दिलं. आम्ही ओहायोतली गावंच्या गावं पालथी घातली. टोलेडोचा दुकानदार लांबूनच ओरडायचा, "आला बघा लंगड्यांचा राजा! उघड रे बाबा, काय आणलंयस?" लोक आधी अल्विनच्या गप्पा ऐकायचे, बूट मागाहून बघायचे. तेव्हा माझी छाती फुगायची.

पुढे ते दुकानदार थकले, काही देवाघरी गेले. त्यांची मुलं टेलिफोनवरूनच माल मागवू लागली. एके दिवशी कारखान्याच्या नव्या, तरुण साहेबांनी अल्विनला बोलावलं.

"आता आराम करा, मिस्टर हॅस्केट. नमुने ठेवून जा. पेटी न्या हवी तर, आम्हाला काय तिचं?"

अल्विनने बायकोला, व्हर्नाला, काहीच सांगितलं नाही. तिच्या नजरेतून आपण उतरू, हीच त्याला भीती होती. दुसऱ्या सकाळी तो हॅट घालून, मला उचलून निघाला आणि दिवसभर स्टेशनच्या बाकावर बसला. मग रोजच. मी रिकामी होते, तरी तो एका खांद्याने वाकून चालायचा. त्याचं ते सोंग मला बघवत नसे.

एका सकाळी तो दाढी करत असताना व्हर्नाने मला उघडलं. माझा रिकामा तळ तिने बोटांनी चाचपून पाहिला. मग तिने आत मोहरीची चटणी लावलेलं, कागदात गुंडाळलेलं सँडविच ठेवलं आणि झाकण लावलं.

दुपारी बाकावर ते सँडविच अल्विनच्या हाती लागलं. तो ते हळूहळू खात राहिला.

घरी आल्यावर म्हणाला, "टोलेडोत आज बरा खप झाला."

"हो का? मोहरी कमी नव्हती ना पडली?"

"नाही. अगदी हवी तेवढी होती."

दुसऱ्या दिवशी व्हर्नाने माझ्यात दोन सँडविचेस ठेवली आणि स्वतःचा कोट घातला.

"आज मीही येते. इतकी वर्षं जगाला गप्पा सांगितल्यास, आता मला सांग."

त्या दिवशी अल्विन ताठ चालला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी अशी रिकामी पेटी उचलून निघालं, तर हसू नका. त्याच्यासोबत चार पावलं चाला.