लांबीला पुरेल असा टब

“वहिनी, उठा ना आता! लोक बघतायत.”

सुधीरने पुन्हा विनवलं, पण वासंतीबाई उठल्या नाहीत. कल्याणच्या बाजारामागच्या वखारीत, मोडक्या खुर्च्या आणि तडकलेल्या आरशांच्या गर्दीत, एका लोखंडी टबात त्या नऊवारीसकट आडव्या झाल्या होत्या. साहेबलोक विलायतेला परतले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतलं सामान इथे येऊन पडलं होतं. वासंतीबाईंनी मान काठावर टेकवली आणि पाय ताणले.

“माझ्या पायांपुढे किती जागा उरली, बघा भावजी.”

“असेल वीतभर.”

“तुमचे दादा माझ्याहून वीतभरच उंच. म्हणजे पुरतो.”

वखारवाला हसू दाबत पुढे आला. “बाई, तो जस्ताचा घ्या. हलका आहे, छोट्या बाथरूममध्ये झटक्यात बसेल. हा म्हणजे हत्ती आहे.”

“त्यात गुडघे मुडपून बसावं लागतं. यांचे गुडघे मुडपत नाहीत,” वासंतीबाई म्हणाल्या आणि पदर सावरत बाहेर आल्या. टबाला वाघाच्या पंजासारखे पाय होते. त्यातला एक तुटलेला. तेही त्यांनी पाहिलं. “तिथे वीट लावता येईल.”

“पण हा तुमच्या न्हाणीघराच्या दारातून जाणार कसा?” सुधीरने विचारलं.

“ते घरी गेल्यावर बघू.”

वासंतीबाईंचे यजमान त्र्यंबकराव ठाण्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. संधिवाताने त्यांचे सांधे एकेक करून आखडत गेले; आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. दिवाळीनंतर ते शाळेत गेले नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले होते, रोज गळ्यापर्यंत ऊन पाण्यात पडून राहिलं तर ठणका कमी होईल. बरं वाटेल असं ते म्हणाले होते, बरं होईल असं नव्हे. पण करण्यासारखं काहीतरी आहे, एवढंच वासंतीबाईंनी ऐकलं. तेव्हापासून त्यांचा पाय एका जागी ठरेना. तव्यावर पोळी टाकून त्या सुतळीने न्हाणीघर मापायला जायच्या आणि करपल्याचा वास आला की धावत परत यायच्या. सुधीर कल्याणच्या लोको शेडमध्ये कारकून. वखारीचा पत्ता त्यानेच आणला होता, आणि आता त्यालाच त्याचा पश्चात्ताप होत होता.

टब लॉरीतून कोपरीला घरी आला. हमालांनी तो अंगणात उतरवला. धाकू गवंड्याने दारापाशी उभं राहून डोकं खाजवलं.

“बाय, ह्यो दारातशी नाय जायाचा. आडवा नाय, उभा पन नाय.”

“मग भिंत काढा.”

सुधीर दचकला. “वहिनी, घर भाड्याचं आहे. गंगुबाईंना विचारलंत?”

“त्या मुलुंडला गेल्यात, लेकीकडे.”

“म्हणजे विचारलं नाहीत!”

“धाकू, लागा कामाला.”

पहारीचा पहिला घाव बसला तसा आतून त्र्यंबकरावांचा आवाज आला, “काय चाललंय? घर पाडताय की काय?”

“न्हाणीघरापुरतंच!” वासंतीबाईंनी ओरडून सांगितलं.

टब आत गेला, पण भिंतीतलं भगदाड बुजवायच्या आतच घरमालकीण परतली. अंगणातल्या विटांच्या ढिगाशी गंगुबाई पिशवीसकट उभ्या राहिल्या.

“कोणाला विचारून फोडलीत?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“असतेच!”

“मग विचारून काय करायचं होतं?” वासंतीबाई म्हणाल्या. त्या बाजूला झाल्या नाहीत.

गंगुबाईंनी भगदाडातून आत डोकावलं. टबाने सगळं न्हाणीघर व्यापलं होतं. एका कोपऱ्यात जेमतेम पाट मावेल एवढी जागा उरली होती.

“आणि तुम्ही स्वतः अंघोळ कुठे करणार?”

याचा विचार वासंतीबाईंनी केलाच नव्हता.

“भिंत होती तशी झाली पाहिजे,” गंगुबाई म्हणाल्या. “चुन्यासकट.” आणि धाडधाड जिना चढून वर गेल्या.

भिंत झाली. टब आत बंद झाला. आता तो बाहेर काढायचा तर पुन्हा पहार हवी. आणि मग त्र्यंबकराव म्हणाले, “मी त्यात उतरणार नाही.”

“अहो, पण—”

“कोण उतरवणार? सुधीर? त्याला मी कडेवर घेऊन फिरवलाय. तो मला उचलून पाण्यात ठेवणार?” त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. “मला विचारलंस का आणण्याआधी?”

गंगुबाईंना जे उत्तर दिलं होतं, ते इथे देण्याची वासंतीबाईंना लाज वाटली.

सुधीर रविवारी यायचा, ओसरीवर चहा घ्यायचा आणि परत जायचा. वासंतीबाई रोज राखेने टब घासायच्या. घासून झाला की परत घासायच्या. अंघोळ त्या मागच्या दारी आडोसा लावून उरकायच्या. येताजाता शेजारणी विचारायच्या, मास्तर टबात बसले का हो? त्या काहीतरी सांगून वेळ मारून न्यायच्या.

पौषातली एक सकाळ. थंडीने त्र्यंबकरावांना कूस बदलता येत नव्हती. चहाची कपबशी त्यांच्या हातून निसटली आणि गादीवर सांडली. वासंतीबाई चादर ओढून काढता काढता मध्येच थांबल्या.

“सुधीर भावजी नकोत ना? मग मी एकटी उतरवते.”

“पडशील.”

“मग दोघं पडू!”

त्या एवढ्या जोरात बोलल्या की वरच्या मजल्यावरचा भांड्यांचा आवाज थांबला. त्र्यंबकरावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चादर तशीच हातात, केस सुटलेले, डोळे भरलेले.

“पाणी तापव,” ते म्हणाले.

पण टब केवढा आणि बंब केवढा! शेवटची बादली ओतेपर्यंत पहिलीचं पाणी निवून जायचं. वासंतीबाई विहीर ते बंब, बंब ते टब अशा धावत सुटल्या होत्या. तेवढ्यात गंगुबाई आपला तांब्याचा बंब ओढत जिना उतरल्या.

“हा फार धूर करतो,” कोणाकडे न बघता त्या म्हणाल्या. “तुमच्याकडेच राहू दे.”

त्र्यंबकरावांना धरून आणून भिंतीला टेकवून उभं केलं, मग वासंतीबाई लुगड्यासकट आधी स्वतः टबात उतरल्या. पंचा नेसलेल्या नवऱ्याला त्यांनी काखांखाली हात घालून काठावर बसवलं, आत घेतलं, आणि दोघंही घसरली. पाण्याचा लोंढा उंबऱ्याबाहेर गेला. त्र्यंबकराव कण्हले.

“दुखतंय का?” धापा टाकत त्यांनी विचारलं.

त्र्यंबकराव जणू अंगभर शोधून आले.

“नाही,” ते म्हणाले. स्वतःच्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलं. “नाही गं दुखत.”

मग रोजचंच झालं. त्यांना काठ धरता येत नसे, म्हणून वासंतीबाईंना पाटावर बसून त्यांच्या मानेखाली हात ठेवावा लागे. सुरुवातीला त्या बसल्या बसल्या कामं मोजत. भात टाकायचाय, तांदूळ निवडायचेत, वाळवण उचलायचंय. “जा तू,” ते म्हणत. “कशी जाऊ? बुडाल,” त्या म्हणत. मग हळूहळू कामांची नावं कमी झाली. ते आपल्या शाळेतल्या मुलांच्या गमती सांगू लागले आणि त्या हसू लागल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी गप्पांना सवड दोघांना कधी मिळाली नव्हती.

बोटं काही सरळ झाली नाहीत. फाल्गुनात सुधीर आला तो खाली मान घालून. शाळेने दुसरा ड्रॉइंग मास्तर नेमला होता. त्र्यंबकरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चला, पाणी निवेल.”

त्या दिवशी पाण्यात ते भिंतीकडे बघत पडून राहिले. मग म्हणाले, “समोर बघ. काय दिसतं?”

समोरच्या भिंतीचा चुना सुटला होता. “पोपडा धरलाय. गंगुबाईंना सांगते.”

“नीट बघ. म्हैस आहे. पाण्यात बसलेली.”

त्यांनी हात पाण्याबाहेर काढला. बोट आकड्यासारखं वाकलेलं. त्या वाकड्या बोटानेच त्यांनी हवेत पाठीची रेघ ओढली, मग मान, मग शिंगं. रेघ मध्ये कुठे तुटली नाही. वासंतीबाई एकदा भिंतीकडे बघत होत्या, एकदा त्या बोटाकडे.

“मास्तरीणबाई!” बाहेरून गंगुबाईंनी हाक मारली. “तुमचं दूध उतू जातंय!”

वासंतीबाई हलल्या नाहीत.

“शिंगं कळली,” त्या म्हणाल्या. “शेपूट कुठाय?”

त्र्यंबकरावांनी हात पुन्हा वर उचलला. कोपरावरून पाणी ठिबकत होतं. सावकाश, डोळे बारीक करून, ते शेपूट काढू लागले.