पागेच्या हुकुमामागचं पान

"मोडीत आहे म्हणजे घरगुती काहीतरी असेल, दिघेजी. बाजूला ठेवा. शनिवारी भोपाळची सरकारी मंडळी हे कागद बघायला येतायत, लिस्ट तयार पाहिजे, बस."

"घरगुती नाही. कथा आहे."

दिघ्यांनी हातातलं पान टेबलावर ठेवलं. पुन्हा उचललं. उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. बाजूला ठेवा म्हणणारे प्रतापराव वाचनालयाचे चिटणीस, कॉलेजात मराठी शिकवत. मोडी त्यांना येत नव्हती. येणारे आता एकटे दिघेच उरले होते.

समोर ट्रंक उघडी. अप्पासाहेब निगुडकर जाऊन सहा महिने झाले होते आणि द्वारकाबाईंनी नवऱ्याचे सगळे कागद वाचनालयाला दिले होते. खर्डे, पत्रं, अर्धवट टाचणं. अप्पासाहेब होळकर दरबारातले कारकून, फावल्या वेळात कथा लिहायचे, खर्डा मोडीत. शेजारच्या टेबलावर पांडुरंग दिघे. खर्डा बाळबोधीत उतरवून छापखान्यात पोचवायचं काम त्यांचं. बावीस वर्षं केलं. पांडुरंगाच्या हातून ओळ गळत नाही, असं अप्पासाहेब चारचौघांत सांगायचे. दरबार गेला, राजधानी भोपाळला गेली, पेन्शनीत निघालेल्या दिघ्यांकडे मिरवायला तेवढंच वाक्य राहिलं होतं.

क्र. १४१. 'रेसिडेन्सीकडची खोली'. कथा. खर्डा, मोडी. पानं अकरा.

अकरा खोडलं. बारा लिहिलं. बारा खोडलं.

बारावं पान दरबारी कागदाच्या पाठीवर होतं. अप्पासाहेब कोरी पाठ वाया जाऊ देत नसत. पुढच्या बाजूला पागेचा हुकूम, शिक्क्यासकट: सात घोड्यांची नालबंदी.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची ती सकाळ. खर्ड्याच्या तळाशी दरबारी हुकूम दिसला आणि दिघे घाबरले. अप्पासाहेबांनी दप्तरातला कागद चुकून घरी नेला असणार, वरिष्ठांना कळलं तर नोकरी जायची. कुणाला न विचारता त्यांनी तो पागेच्या दप्तरात जागच्या जागी लावून टाकला. मित्राची अब्रू वाचवली म्हणून दोन दिवस मनातून खूश होते.

कागद उलटला नव्हता.

अकरावं पान असं संपतं: 'तिने कडीला हात लावला.' कथा तिथेच थांबली आणि तशीच छापली गेली. लोक तिच्याबद्दल बोलत राहिले. त्या न उघडलेल्या दारावर प्रतापरावांनी मोठा लेख लिहिला होता.

आता बाराव्या पानावर दार उघडत होतं. आत नवरा, खाटेवर. रडतो. तीही रडते. मग सहा ओळी उपदेश. आणि समासात, वेगळ्या शाईने: 'पांडुरंगाने पान पागेच्या दप्तरात लावले. आज सापडले. पुस्तक निघून गेले. त्याला सांगू नये.'

दिघ्यांनी पान घडी करून खिशात घातलं.

"कुठे चाललात?"

"आलोच."

ते सियागंजच्या बाजारात शिरले, उगाच. हातगाडीवाला ओरडला, "काका, साइड में!" ते बाजूला झाले. एका दुकानात हळद बांधून देत होते, मोडी कागदात. दिघे थांबले. पाठीवर काय आहे ते न पाहता गिऱ्हाईक पुडी घेऊन गेलं. दिघे चालू लागले, भराभर. खिशाला हात. कागद आहे. चार पावलं. पुन्हा हात. आहे. टाकला तर? गटार तिथेच होतं. ते ओलांडून पुढे गेले.

लालबागच्या रस्त्याला लागल्यावर कुठे निघालो ते त्यांना कळलं.

द्वारकाबाई ओसरीवर उशीत कापूस भरत बसल्या होत्या.

"भाऊजी, इतक्या उन्हात? टोपी कुठंय?"

टोपी वाचनालयात राहिली होती.

"वहिनी, ती रेसिडेन्सीची कथा. तिला पुढे आणखी एक पान होतं."

"होतं तर. दार उघडतं, नवरा रडतो. मला वाचून दाखवलं होतं यांनी." त्यांनी मूठभर कापूस आत कोंबला. "मी हसले. म्हटलं, नवरे असे रडतात होय? कुछ भी लिहिता. मग पुस्तक आलं, तर पानच गायब. विचारलं, तर म्हणाले, राहू दे. तेव्हापासून मी ऐकायला बसलेच नाही. ते हाक मारायचे, मी चुलीपाशी काम काढायचे. म्हटलं, आपल्या हसण्याने यांची पानं जातात."

दिघे उभेच होते.

"त्यांनी काढलं नव्हतं, वहिनी. मी घालवलं."

त्यांनी सगळं सांगितलं. हुकूम, पागा, समासातली ओळ. द्वारकाबाईंचा हात उशीतच राहिला.

"म्हणजे यांना माहीत होतं."

"हो."

"तुमची लाज राखली. आणि मी अठ्ठावीस वर्षं चुलीपाशी."

दिघ्यांनी खिशातलं पान काढून घडी उलगडली.

"वाचा," त्या म्हणाल्या.

दिघ्यांनी वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत, एक शब्द न गाळता. द्वारकाबाई ऐकत होत्या. उपदेश सुरू झाला तशा त्या हसू लागल्या आणि मग बराच वेळ पदर तोंडावर धरून बसल्या.

"अजूनही वाईटच आहे," त्या म्हणाल्या. "पण ठेवा. ट्रंकेत ठेवा. समासासकट."

वाचनालयात परतून दिघ्यांनी प्रतापरावांना ओळन् ओळ वाचून दाखवली. प्रतापराव खुर्ची मागेपुढे करत राहिले.

"दिघेजी, हे बघा. अप्पासाहेबांचं नाव आहे, तुमचं आहे. माझा लेख तर सोडा. एक पान नसलं तर काय बिघडतं? वाचणार कोण? घरी ठेवा ना भिया, आठवण म्हणून."

"आठवण आहे मला."

"लोक तुम्हाला हसतील."

"हसू द्या. एक बाई हसली तर केवढं झालं, ते आत्ताच ऐकून आलोय."

प्रतापरावांना ते कळलं नाही. दिघ्यांनी टोपी घातली, दौत पुढे ओढली आणि जुन्या बाळबोध वळणात, छापखान्यासाठी लिहायचे तसं, लिहिलं:

क्र. १४१. 'रेसिडेन्सीकडची खोली'. कथा. खर्डा, मोडी. पानं बारा. बारावं पान पागेच्या हुकुमाच्या पाठीवर. छापील प्रतीत नाही. नक्कल करताना पांडुरंग दिघे यांच्या हातून गळले. समासातला मजकूर पुढीलप्रमाणे.

तो मजकूर त्यांनी पूर्ण उतरवला. 'त्याला सांगू नये' हे शब्दही.

"चला, झालं," प्रतापराव म्हणाले. "एकशे बेचाळीस घ्या."

दिघ्यांनी ऐकलं नाही. तपासून बाजूला बांधून ठेवलेला पहिला गठ्ठा त्यांनी पुढे घेतला आणि गाठ सोडली. क्रमांक एक, पान पहिलं. ते त्यांनी उलटलं. मागे कोरं होतं. तरी खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. मग दुसरं.

शनिवारला दोनच दिवस होते.