दसऱ्याची अक्षत

आमच्या घरात मला एक सवत होती. स्टीलच्या कपाटात, कुलपात राहायची. पॉइंट फॉर्टीफाइव्हचं ऑटोमॅटिक पिस्तूल, चांगलं किलोभर वजनाचं. आमचे हे आठवडाभर हॉस्पिटलात पेशंटना भूल द्यायचे आणि शनिवार उजाडला की ते मेलं पिस्तूल घेऊन नॉटिंगहॅमबाहेरच्या क्लबात कागदाला भोकं पाडायला जायचे. "सुलू, एकदा ये तरी बघायला," म्हणायचे. मी म्हणायची, "मला काय वेड लागलंय?"

शेवटी गेले ती सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये. तेव्हा हे नव्हते, आणि असली सगळी पिस्तुलं जमा करा असा सरकारचा हुकूम निघाला होता.

आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये स्कॉटलंडच्या एका शाळेत कुणी एकाने चिमुरड्या पोरांवर गोळ्या झाडल्या. आमची उल्का कॉव्हेंट्रीला प्रायमरी शाळेत त्याच वयाच्या मुलांना शिकवते. त्या रविवारी ती घरी आली आणि कोटसुद्धा न काढता यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, ती गन आजच्या आज पोलिसांना द्या. नाहीतर मी ह्या घरात येणार नाही."

"म्हणजे? तुझा बाप खुनी आहे?"

झालं. खाण तशी माती. ती आली नाही, यांनी बोलावलं नाही. मी मध्ये पडून दोघांचीही बोलणी खाल्ली. फेब्रुवारीत यांना अटॅक आला. उल्का मोटरवेने धावत आली, पण ती पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं.

पिस्तूल तेव्हापासून क्लबच्या सेक्रेटरींकडे होतं. रेज त्यांचं नाव. यांचे जुने मित्र. त्यांचा फोन आला, "पुढच्या आठवड्यात ते जमा करतोय. त्याआधी एकदा चालवून बघणार का? मी असेन सोबत." मी हो म्हणून मोकळी झाले. पोटच्या पोरीपेक्षा त्या लोखंडात असं काय होतं, तेवढं एकदा मला बघायचंच होतं.

मला गाडी येत नाही, म्हणून उल्काने आणलं. क्लबच्या दाराशी गाडी थांबवून म्हणाली, "मी आत येणार नाही, आई. इथेच बसते."

आत लांबलचक विटांची शेड. दिवाळीत फटाके उडवल्यावर अंगणात राहतो तसला वास. रेजनी माझ्या कानांवर मफ्स चढवले, डोळ्यांना चष्मा लावला. पिस्तूल हातात दिलं तर मनगट खालीच गेलं. "दोन्ही हातांनी धर, डक," ते म्हणाले. नॉटिंगहॅमची रीतच ती, सगळ्यांना बदक म्हणायची. "ट्रिगर खेचायचा नाही. हळूहळू दाबायचा. आवाज कधी येईल त्याची वाट बघायची नाही."

मी दाबला.

बाई गं! दोन्ही हात थेट कपाळापर्यंत उडाले. आवाज कानात नाही, छातीत शिरला. गोळीची रिकामी, गरम पुंगळी उडून बाकावर टणटणली. समोरचा कागद कोरा करकरीत.

आणि होतं काय त्यात? काही नाही हो! आवाज, धूर आणि दुखरं मनगट. यासाठी पोरीला तोडलीत? मला इतका संताप आला की रडूच फुटलं.

रेजनी पिस्तूल माझ्या हातातून घेऊन रिकामं केलं आणि बाकाकडे बघून थबकले. पुंगळीशेजारी तांदळाचा दाणा पडला होता. कुंकवाने लाल झालेला.

"मुठीच्या मागच्या पट्टीच्या फटीतून सुटला वाटतं. मी बाहेरून नुसतं फडकं फिरवलं होतं," ते म्हणाले. "पण राइस? पिस्तुलात?"

मी सांगितलं त्यांना. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रांची पूजा. पाटावर यांचा स्टेथोस्कोप, माझी विळी आणि ही सवत. हे हळदकुंकू लावून अक्षता वाहायचे, आणि मग त्याच वाटीतल्या मूठभर उल्काच्या डोक्यावर. ती दर वर्षी आपल्या मोडक्या मराठीत ओरडायची, "बाबा, माझा केसात राइस!" आणि मान झटकायची. गेल्या दसऱ्याला ती नव्हती. हे वाटी हातात घेऊन दाराकडे बघत उभे राहिले, आणि मग उरलेल्या सगळ्या अक्षता पिस्तुलावरच ओतल्या.

"ऑक्टोबर ना?" रेज म्हणाले. "म्हणूनच राहिला तो दाणा. तुझ्या शशीने त्या मार्चनंतर एक गोळी झाडलेली नाही."

"पण दर शनिवारी तर यायचे!"

"यायचा. पेटी बाकावर ठेवायचा, नव्या लोकांना शिकवायचा, सगळ्यांना चहा करून द्यायचा. एकदा मी विचारलं. म्हणाला, समोर कागद लावला की मला माझ्या मुलीचा वर्ग दिसतो."

मी बाकावर बसले.

"मग देऊन का टाकलं नाही?"

"तेही विचारलं. म्हणाला, 'तिने मला खुन्यांच्या रांगेत उभं करून मागितलं. एकदा चहाला येऊ दे, मग तिला बरोबर घेऊनच देऊन येतो.'"

अहो, एवढं एक वाक्य फोनवर बोलायला काय जिभेला काटा टोचला होता? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा. राहिलेल्या गोळ्या मी झाडल्या नाहीत. दाणा तेवढा मुठीत घेतला.

गाडीत बसून उल्काला सगळं सांगितलं. वर्ग दिसायचा तेही, चहाचंही. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"मला फोन का नाही केलं बाबांनी?"

"तू तरी कुठे केलास?" अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. मूठ उघडून तिला दाणा दाखवला.

"ही तुझी अक्षत. गेल्या दसऱ्याची राहिलेली." आणि तिच्या भांगावर ठेवली.

तेवढ्यात आत दुसऱ्या कुणीतरी गोळी झाडली. उल्का दचकली, आणि तिने दोन्ही हात चटकन डोक्यावर धरले, अक्षत पडू नये म्हणून.