विरंजक

मास्तरांच्या बायकोने पडद्यावरच्या न्हाणीघराचं दार माऊसने उघडलं. आत रंगीत बाटल्या होत्या. एकीवर टिचकी मारताच चित्रातली बाई खोकू लागली, आणि ही खुदकन हसली.

मास्तर शेजारी ताठ बसले होते. घरातल्या विषारी रसायनांवर त्यांनीही पुस्तक लिहिलं होतं. तेव्हा ती अशी हसली नव्हती. उद्या खुली होणारी ही वेबसाइट धाकट्या भावाची. शब्द तपासायला म्हणून त्याने ती दादाकडे पाठवली होती. मास्तर दोन तास चुका शोधत होते आणि एकही सापडत नव्हती.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाटलीवर त्यांना ‘विरंजक’ दिसलं. त्यांचा शब्द, त्यांच्याच पुस्तकातून घेतलेला. मास्तर किंचित पुढे सरकले. बायको मात्र ती बाटली सोडून स्वयंपाकघराकडे वळली.

“ती राहिली,” ते म्हणाले.

“असू द्या. कंटाळवाणं असणार.”

“का?”

“विरंजक लिहिलंय ना. म्हणजे रंजक नाही ते. तुमच्या पुस्तकातही तो धडा मी सोडूनच दिला होता.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग संडास घासताना ती काय काय टाकते, ते सहज विचारल्यासारखं विचारलं. आधी अ‍ॅसिड, त्यावर ब्लीच, ती म्हणाली. दोन्ही मिळून लखलखीत निघतं. छातीत जरा जळजळतं, तेवढंच.

चष्मा पुसणं थांबलं. तो अख्खा धडा त्या एका जळजळीवर होता.

ते गॅलरीत गेले आणि धाकट्याला फोन लावला.

“विरंजक काढ. ब्लीच लिही. साधं.”

“दादा, तुझी आठवण म्हणून मुद्दाम ठेवलाय रे. एवढं एकच तर तुझं आहे त्यात.”

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले. “काढ.”

ते आत येऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी पान नव्याने उघडून दिलं. ती पुन्हा न्हाणीघरात शिरली, त्या बाटलीपाशी थांबली आणि ओठ हलवत वाचत गेली. वाचून झाल्यावर उठली, आतून ब्लीचची बाटली आणून गॅलरीत ठेवली.

“बघा,” ती म्हणाली, “इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही. भावजींनी किती सोपं करून सांगितलंय.”

“हो,” मास्तर म्हणाले. “हुशार आहे तो.”