तिसरं विचारणं

मार्लिसला घर पाहताक्षणी आवडलं. झोपायच्या तीन खोल्या, त्यातल्या एकीला दोन खिडक्या, आणि स्वयंपाकघरात अख्खं घरदार जेवायला बसेल एवढी जागा. सध्या तिघी मुली एका खोलीत आडव्यातिडव्या झोपत होत्या, आणि फेब्रुवारीत चौथं बाळ यायचं होतं. सेंट पॉल शहरात चार पोरं म्हटलं की घरमालकांना एकदम आठवायचं, जागा तर कालच गेली. या घराच्या मालकीण, खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वर्नाबाई लिंडक्विस्ट मात्र म्हणाल्या होत्या, "पोरं नाचली तर छप्पर थोडंच पडतंय! नाचू देत."

जागा बघून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना टेबलाशी बसवलं, कॉफी ओतली, लिंबाच्या वड्या पुढे केल्या. "मग, येताय राहायला?"

मार्लिसने नवऱ्याकडे पाहिलं. डेल गडी सज्जन, पण सज्जनपणाचा त्याला आजारच.

"छे छे," तो म्हणाला, "एवढी छान जागा आम्हाला कशाला! तुम्हाला आमच्याहून बरी माणसं मिळतील."

इथली रीतच तशी. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की अंग चोरून नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "आता तुम्ही एवढं म्हणताय तर" म्हणत घ्यायचं. पहिल्या झटक्यात हो म्हणेल तो हावरट. मार्लिसही त्याच रीतीत वाढलेली, म्हणून तिने नुसती कॉफी ढवळली.

"मला तुम्हीच बरे वाटता," वर्नाबाई म्हणाल्या. "घ्या की."

"नको, तुम्हाला उगाच त्रास," डेल म्हणाला.

आता तिसऱ्यांदा विचारतील म्हणून मार्लिसने श्वास रोखला, आणि नेमका बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. बाई उठून गेल्या. "हो हो, वरच्या जागेबद्दलच ना?" एवढं ऐकू आलं आणि मार्लिसने कप खाली ठेवला. बाई परत येऊन बसल्या नि म्हणाल्या, "यंदा तळं लवकर गोठलं, नाही?"

डेलला तेवढंच हवं होतं. बर्फ, मासे, पुन्हा बर्फ. ताटलीत शेवटची वडी उरली. तिला अर्थातच कुणी हात लावेना.

मग निघणं सुरू झालं. तेही इथे एका दमात होत नाही. टेबलाशी निरोप, दाराशी निरोप, पायरीवर पुन्हा बर्फाची चर्चा.

"विचार ना त्यांना," मार्लिस दातओठ खात कुजबुजली.

"मी कसं विचारणार? दोनदा नको म्हणालोय."

"मग आता पोरं घेऊन तळ्यावरच राहा!"

गाडीत मागून थोरली म्हणाली, "आई, खिडक्यांची खोली माझी हं." मार्लिसला रडूच फुटायचं बाकी होतं. हातातोंडाशी आलेला घास, आणि नवरा गाडी सुरू करत होता.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. सपाता घालून बर्फातून आलेल्या वर्नाबाई, हातात शेवटची वडी. "ही राहिली. घ्या."

"छे छे, कशाला..." डेलने सुरुवात केली.

"घेतो!" मार्लिस त्याच्या अंगावरून वाकून ओरडली. "वडीपण घेतो नि घरपण घेतो!"

स्वतःचाच आवाज ऐकून ती कानापर्यंत लाल झाली. वर्नाबाई मात्र गाडीला टेकून खदखदून हसल्या.

"हुश्श! बोललीस बाई एकदाची! अगं, त्या फोनवाल्यांना मी मघाशीच सांगितलं, जागा गेली म्हणून. पण तिसऱ्यांदा विचारू कशी? म्हणाल, म्हातारी घर गळ्यात मारतेय."

मागे मुलींनी आत्ताच नाचायला सुरुवात केली. बाईंनी खिशातून किल्ली काढून डेलसमोर धरली.

"छे छे, आज कशाला..."

मार्लिसने वडी त्याच्या तोंडात कोंबली आणि किल्ली घेतली.